मालदीव : भाडे नव्हे, पडतळ पाहा

आम्ही कापडवाले गिरणीचा भाव ऐकून माल उचलत नाही. भाडे, कर धरून दुकानात पडतळ किती, ते आधी काढतो. मालदीवला विश्रांतीसाठी जाणाऱ्या बंधूंनीही हाच हिशेब करावा.

तेथे बहुधा एका बेटावर एकच रिसॉर्ट असते. समजा, दोघांच्या खोलीचे रोजचे भाडे २०० डॉलर. त्यावर १० टक्के सेवा आकार, त्या एकूण रकमेवर १७ टक्के कर (जुलै २०२५ पासून) आणि माणशी १२ डॉलर हरित कर. बिल २८१ डॉलरवर जाते.

विमानतळाहून बेटावर जाण्याचा खर्च वेगळा. जवळच्या बेटाला स्पीडबोट चालते. दूरच्या बेटाला बहुधा पाण्यावर उतरणारे विमान लागते. ते महाग, शिवाय अंधारात उडत नाही. रात्री पोहोचणाऱ्यास माले परिसरात एक मुक्काम करावा लागतो.

रिसॉर्टवर दुसरी खाणावळ नसते, म्हणून जेवण भाड्यात आहे का, तेही विचारावे. वस्तीच्या बेटांवरील लहान गेस्ट हाऊसला हरित कर ६ डॉलरच असून तेथे मद्यविक्री नाही. कुटुंबासाठी ती सोय बरी.

सर्व खर्चाचा एकच आकडा लेखी घ्यावा, मगच बयाणा द्यावा.