मत्तयकृत वंशावळ आणि मराठीतील ‘झाला’

दरवर्षी १७ डिसेंबर रोजी कॅथलिक उपासनेत मत्तयकृत शुभवर्तमानाच्या आरंभीची वंशावळ वाचली जाते. अंधेरी, बोरिवली, गोराई ह्या मुंबईच्या उपनगरांत जेथे मराठीतून उपासना होते, तेथे ती मराठीतून ऐकू येते. अब्राहामापासून येशूपर्यंत चाळीसेक पिढ्या. नावे बहुतेक अपरिचित, क्रियापद एकच. श्रोत्यांचे लक्ष ढळते, आणि त्याबद्दल त्यांना दोष देता येत नाही. तथापि ह्या यादीचा आशय ज्यात साठलेला आहे, ते हे क्रियापदच होय.

मूळ ग्रीकमध्ये पिता हा कर्ता व पुत्र हे कर्म आहे. त्यामागील हिब्रू रूपही प्रयोजक, म्हणजे ‘जन्मास घातले’ अशा अर्थाचे. मराठी भाषांतरात मात्र पिता चतुर्थीत जातो आणि पुत्र कर्ता होतो: ‘अमक्याला अमका झाला’. ‘दशरथास राम झाला’ असे म्हणणाऱ्या भाषेत ह्याहून निराळी रचना कृत्रिम वाटली असती. भाषांतरकारांनी केवळ रूढी पाळली असावी. परंतु तिच्यामुळे पिता करणारा न राहता ज्याला लाभ होतो तो ठरतो, आणि वंशावळीचा हेतू नेमका हाच आहे. उत्पत्तीच्या पुस्तकानुसार इसहाक जन्मला तेव्हा अब्राहाम १०० वर्षांचा होता व सारा वंध्या म्हणून ज्ञात होती. तो पुत्र पित्याच्या कर्तृत्वाचा नव्हे, परमेश्वराने केलेल्या कराराचा.

वंश आणि वंशानुचरित ही पुराणाच्या पाच लक्षणांपैकी दोन. १६१६ साली फादर स्टीफन्स ह्यांनी बायबलची कथा ओवीबद्ध ‘पुराणा’त सांगितली, तेव्हा असा नामोच्चार मराठी श्रोत्यांस नवा नव्हता. बायबलमधील यादीत विशेष हा, की तिच्यावर एक वचन टांगलेले आहे आणि ते वारंवार तुटावयास येते.

सर्वांत कठीण प्रसंग यखन्याचा. दावीदाचे सिंहासन अढळ राहील असे वचन होते, इ. स. पू. ५९७ मध्ये हा तरुण राजा बाबेलला बंदी होऊन गेला. त्याला निःसंतान म्हणून लिहून ठेवा, अशी यिर्मयाची वाणी आहे. ती अक्षरशः घेतली तर यादी येथेच संपावयास हवी. मत्तय मात्र पुढे शल्तीएल व जरूब्बाबेल ही नावे शांतपणे लिहितो. यिर्मयाने यखन्याला बोटातून उपटून फेकावयाच्या मुद्रेची उपमा दिली होती. हाग्गय त्याच मुद्रेची उपमा जरूब्बाबेलास गौरवाने देतो. बाबेलच्या उत्खननात सापडलेल्या व १९३९ साली प्रसिद्ध झालेल्या मृत्तिकापट्टांवर ह्या राजाला व त्याच्या पाच पुत्रांना दिलेल्या तेलाची नोंद आहे. कोठाराच्या कारकुनाला कराराशी काही कर्तव्य नव्हते. त्याने शिधा मोजला, एवढेच.

ही वंशावळ दप्तरी नोंद मानू नये. मत्तय १४-१४ चे तीन गट पाडतो, त्यासाठी अहज्या, योवाश व अमस्या हे तीन राजे गाळतो. आणि तिसऱ्या गटात १४ नावे भरावयाची तर यखन्याला दुसऱ्यांदा मोजावे लागते. दावीद ह्या नावाच्या हिब्रू अक्षरांची बेरीज १४ होते, हे कारण बऱ्याच अभ्यासकांना पटते. लूकची वंशावळ तर योसेफाचा पिताच निराळा सांगते. दोहोंचा मेळ घालण्याचे प्रयत्न पुष्कळ झाले. त्यांतील एकही निःशंकपणे स्वीकारावा असा नाही.

तामार, राहाब, रूथ व उरीयाची पत्नी ह्या चौघींच्या ठिकाणी रचना किंचित बदलते: पित्याच्या चतुर्थीजोडीला मातेपुढे ‘पासून’ येते. तामारेच्या वेळी तर यहूदाचा वंश खुंटण्याच्या बेतात होता. ज्या मार्गाने तो चालू राहिला तो कोणत्याही कुलवृत्तांतकाराने लपविला असता. मत्तय लपवीत नाही.

शेवटी योसेफापाशी ग्रीक क्रियापद एकाएकी कर्मणी होते. मराठीत हा फरक अधिक स्पष्ट ऐकू येतो. इतका वेळ चालत आलेली पित्याची चतुर्थी नाहीशी होते, ‘झाला’च्या जागी ‘जन्मला’ येते, आणि मरीयेच्या ठिकाणी ‘पासून’ एवढेच उरते.