भाताच्या रोगप्रतिकारातील प्रथिनभंजक एंझाइमे
प्रथिनांच्या साखळ्यांचे तुकडे करणाऱ्या एंझाइमांना (जीवरासायनिक विक्रिया घडवून आणणाऱ्या प्रथिनांना) प्रथिनभंजक एंझाइमे म्हणतात. भात व त्याची रोगकारके या दोहोंतही ती आढळत असल्याने रोगप्रतिकारक वाणांच्या पैदाशीत त्यांना महत्त्व आले आहे.

करपा रोग मॅग्नापोर्थे ओरायझी या कवकामुळे होतो. हे कवक भाताच्या कोशिकांत काही प्रथिने सोडते. त्यांपैकी एव्हीआर-पीटा हे रचनेवरून जस्तयुक्त प्रथिनभंजक एंझाइम दिसते. भाताच्या बाराव्या गुणसूत्रावरील पी-टा या जनुकापासून बनणारे ९२८ ॲमिनो अम्लांचे प्रथिन त्याला ओळखते. ओळख पटताच बाधित कोशिका मरतात व कवकाची वाढ तेथेच खुंटते. या प्रथिनात ९१८ व्या स्थानी ॲलॅनीन असल्यास रोप प्रतिकारक, तर सेरीन असल्यास रोगास बळी पडणारे ठरते, असे २००० मध्ये दिसून आले. त्यामुळे रोगाची लागण न करताही रोपांची निवड करता येते. व्हिएटनाममधील टेटेप जातीतून हे जनुक अमेरिकेतील आर्कॅन्सॉ राज्यात १९८९ मध्ये प्रसारित झालेल्या केटी वाणात आले. मात्र एव्हीआर-पीटाचे जनुक कवकाच्या गुणसूत्राच्या टोकाशी असून ते सहज गळते वा बदलते. मग शत्रू ओळखूच येत नाही. एकाच जनुकावर विसंबणे धोक्याचे ठरते ते यामुळे.

भाताच्या कोशिकेतील नकोशा प्रथिनांना युबिक्विटीन हे ७६ ॲमिनो अम्लांचे प्रथिन चिकटविले जाते व प्रोटिओसोम या मोठ्या प्रथिनभंजक संकुलात त्यांचे तुकडे होतात. चिकटविणारी लायगेजे स्वतः साखळी तोडीत नाहीत. काय तोडावयाचे ते ठरवितात. एसपीएल ११ हे असेच एक लायगेज होय. त्याचे जनुक निकामी झालेल्या रोपांच्या पानांवर रोग नसतानाही मृत कोशिकांचे ठिपके पडतात, पण ती रोपे करपा व कडा करपा (झँथोमोनस ओरायझी या सूक्ष्मजंतूमुळे होणारा रोग) या दोहोंना दाद देत नाहीत (२००४). हा प्रतिकार स्वतःच्या ऊतकांचा नाश करून मिळत असल्याने पैदासकाराच्या दृष्टीने तो महागच पडतो. याउलट एपीआयपी ६ हे लायगेज प्रतिकारास साहाय्य करते आणि करप्याचे कवक एव्हीआर-पीझेड-टी या प्रथिनाद्वारे नेमके तेच दडपते (२०१२).

ओरायझा लाँजिस्टॅमिनाटा या रानटी भातापासून मिळालेल्या एक्सए २१ या जनुकाच्या प्रथिनाशी एक्सबी ३ हे लायगेज जोडले जाते; त्याचे प्रमाण घटविल्यास कडा करप्याचा प्रतिकार दुबळा होतो (२००६). भारतात २००८ मध्ये प्रसारित झालेल्या सुधारित सांबा मसूरी या वाणात एक्सए २१ च्या जोडीला एक्सए ५ व एक्सए १३ ही जनुकेही एकत्र आणलेली आहेत.