घर बदलताना स्वस्त खोकी कोठे मिळतात?
पुठ्ठ्याची खोकी ‘प्लाय’वरून, म्हणजे कागदाच्या थरांच्या संख्येवरून ओळखली जातात. 3 प्लायच्या खोक्यात दोन सपाट कागदांमध्ये एक नागमोडी थर असतो, तर 5 प्लायमध्ये असे दोन थर असल्याने ते पुस्तकांचे वजन अधिक चांगले पेलते. नवी खोकी घेण्यापूर्वी रद्दीवाला, किराणा व औषधांची दुकाने येथे चौकशी करणे इष्ट. मद्याच्या दुकानातील खोक्यांत बाटल्यांसाठी अनेकदा पुठ्ठ्याचे उभे-आडवे कप्पे असतात, आणि शेजारी काहीही म्हणोत, काचेच्या पेल्यांसाठी त्याहून सोयीचे काही नाही. ओल लागलेला पुठ्ठा मात्र वाळल्यावरही पूर्वीइतका भार पेलत नाही, त्यामुळे असे खोके फुकट मिळाले तरी घेऊ नये.