शेवटच्या अंकाचा घोटाळा

डोंबिवलींतील एखाद्या गृहस्थानें हातांतील फोनवरून वीजेचें देयक भरावयास घ्यावें, आणि पडद्यावर शेजाऱ्याचें देयक यावें, असा प्रसंग कल्पून पाहावा. लबाडी कोणाचीच नसते; दोष दोन संगणकभाषांच्या मेळांत असतो.

समजा, ठाण्यांतील संगणकावरील आज्ञावली ‘जावा’ भाषेंतील आहे व ती देयकाचा क्रमांक ९००७१९९२५४७४०९९३ असा पाठविते. निरोप ‘जेसन’ नांवाच्या सांच्यांत येतो; तो दोन्हीं भाषांस वाचतां येतो. परंतु फोनवरील ‘जावास्क्रिप्ट’ भाषा पूर्णांक व अपूर्णांक एकाच मापानें सांठविते, आणि त्या मापांत ९००७१९९२५४७४०९९१ पर्यंतचेच पूर्णांक निर्धोक राहतात. म्हणून शेवटच्या तिनाचा दोन होतो, आणि सूचना मात्र कोणीच देत नाहीं!

शोध कसा घ्यावा? कल्याणास गाडी बदलणारा प्रवासी उतरतांना व चढतांना सामान मोजतो, तद्वत् क्रमांक तीन ठिकाणीं ताडून पाहावा: निघतांना, वाटेंत व पोंचल्यावर. वाटेंतील मजकूर बिनचूक असेल, तर चूक वाचणाराची.

उपाय सोपा आहे. ज्या अंकांची बेरीज-वजाबाकी कधींच करावयाची नाहीं, ते अवतरणचिन्हांत घालून अक्षरें म्हणून पाठवावे. २०१० सालीं ‘ट्विटर’नें आपल्या संदेशांचे क्रमांक याच कारणास्तव अक्षररूपानेंहि देण्यास आरंभ केला. क्रमांक हें नांव आहे, परिमाण नव्हे. एवढें ओळखलें म्हणजे शेजाऱ्याचें देणें फेडण्याची पाळी येत नाहीं.