तारीख चुकली कुणाची?



मागच्या हंगामात माझ्या उसाला तुरे आले तरी तोड काही मिळेना. शेजारच्या रानातला, माझ्याबरोबरच लावलेला आडसाली डिसेंबरात गेला. माझा निघाला जानेवारी संपता संपता. चौकशी केली तेव्हा उलगडा झाला. माझी लागण ८ जुलैची. मोबाईलवर नोंद करताना मी ०८/०७ असे टाकले. त्या संकेतस्थळाने अमेरिकेच्या रिवाजाप्रमाणे आधी महिना धरला आणि नोंद पडली ७ ऑगस्टची! पाळी महिनाभर मागे गेली, वजन घटले ते निराळेच. वर ऐकून काय घेतले, तर "काका, तारीख तुम्हीच चुकीची टाकली." खरे सांगतो, मलाही तसेच वाटले. आपण अडाणी, दुसरे काय!

पुढे कामानिमित्त मुलुंडला भाच्याकडे उतरलो. तो अंधेरीच्या एका कंपनीत संकेतस्थळे तपासण्याचे काम करतो. हकिकत ऐकून त्याने फोन माझ्या हातात दिला. "मामा, पुन्हा एकदा नोंद करून दाखवा" म्हणाला आणि वही घेऊन शेजारी गप्प बसला. मी कुठे थांबलो, कुठे चष्मा वरखाली केला, कोणते बटण चुकून दाबले, सारे त्याने टिपून घेतले. "आता काय करू?" असे विचारले तरी बोलेना. शेवटी म्हणाला, "मामा, तुमचं काही चुकलं नाही. चुकलंय ते हे पान."

हे शास्त्र मुंबईच्या उपनगरांना नवे नाही. मुलुंड आणि घाटकोपरच्या मधल्या कांजूरमार्ग स्टेशनवर उतरले की पवई जवळच. तिथल्या आय.आय.टी.मध्ये १९६९ साली इंडस्ट्रियल डिझाइन सेंटर सुरू झाले. वस्तू माणसाच्या हाताला आणि डोक्याला सोयीची कशी करावी, हे तिथे शिकवतात. आपल्या मराठीपुरतेच उदाहरण घ्या. संगणकावर मराठी अक्षर शोधताना नवख्या माणसाची त्रेधा उडते. तिथल्या प्रा. अनिरुद्ध जोशी आणि सहकाऱ्यांनी 'कीलेख' हा कळफलक केला, त्यात अक्षरे वर्णमालेच्या क्रमाने मांडली. ज्याला क, ख, ग, घ येते त्याला अक्षर कुठे असेल हे वेगळे सांगावे लागत नाही. तो लोकांच्या हाती देऊन, त्यांच्या अडचणी पाहून सुधारला. पुढे २०१३ साली मोबाईलसाठी 'स्वरचक्र' आले. 'क'वर बोट ठेवले की भोवती का, कि, की, कु असे चक्र उघडते. बोट सरकवले की अक्षर उमटते. म्हणजे शाळेत घोकलेली बाराखडीच कामी आली. माणसाने यंत्राप्रमाणे वागावे असा हट्ट नाही. यंत्र माणसाच्या सवयीला धरून केले.

तपासणीची रीतही अगदी सोपी आहे. जागतिक मानक संस्थेने १९९८ सालीच तीन कसोट्या घालून दिल्या: काम पुरे झाले का, त्याला वेळ नि श्रम किती लागले, आणि करणाऱ्याचे समाधान झाले का. जेकब निल्सन या अभ्यासकाने २००० साली लिहिले की, पाच माणसे बसवून पाहिली तरी बहुतेक अडचणी उघड्या पडतात. त्या दुरुस्त कराव्यात आणि पुन्हा पाच जण बसवावेत. याला लाखांचा खर्च नाही. उसाचा उतारा पाहायला आपण सगळे रान तोडत नाही, चार ठिकाणचे नमुने घेतो, तसेच हे.

मग आपल्या कारखान्याने काय करावे? नोंद, तोडीची पाळी, वजन आणि बिल मोबाईलवर दाखवायचे असेल तर आधी पाच सभासद बोलवावेत. त्यांत एक म्हातारा असावा, एक स्वतः शेती पाहणारी भगिनी असावी, एक साध्या फोनवाला असावा. एसीच्या खोलीत नको, बांधावर, उन्हात फोन द्यावा. "खोडव्याची नोंद करा", "मागच्या पंधरवड्याचे बिल शोधा" एवढेच सांगावे आणि गप्प बसून पाहावे. आवडले का, असे विचारू नये. आपला माणूस भिडेपोटी "छान आहे" म्हणतो. महिना आकड्यात न लिहिता 'जुलै' असा अक्षरात दाखवावा. नोंद पक्की करण्यापूर्वी "आपली लागण ८ जुलै, बरोबर का?" असे विचारावे. चूक झाली तर ती सुधारायची वाटही तिथेच असावी. आणि ज्याला हे जमत नाही त्याच्यासाठी गट ऑफिस आणि चिटबॉय कायम राहावेत.

एक ओळ जर वेळेवर तपासली असती तर माझा महिना वाचला असता. काट्यावर वजन चुकले तर आपण "तुमचे डोळे चुकले" म्हणून घरी जात नाही, काटा तपासायला लावतो. मोबाईलचे पानही आता काट्यासारखेच झाले आहे. तेव्हा पुढच्या वेळी अडलात तर कपाळाला हात लावू नका. कुठे अडलात ते कागदावर लिहा आणि गट ऑफिसात द्या. कारखाना आपला आहे, तर त्याचे पानही आपल्याला वाचता आले पाहिजे.

— एक ऊस उत्पादक सभासद