काल हिरवळीवर काय मारलं?

सकाळी ७.३०
दवाखान्याचं शटर अर्धं वर गेलंय, तोच मोटार येऊन थांबते. मागच्या सीटवर लॅब्रॅडॉर कुत्री. तोंडातून लाळेची धार, मागचे पाय लटपटताहेत. "मघाशी सोसायटीच्या लॉनवर मजेत लोळत होती, मॅडम. घरी आलो आणि तासाभरात हे असं."

डोळ्यात बॅटरी मारते. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. ठोके मंद, छातीत घुरघुर, मांडीचे स्नायू कातडीखाली सारखे थरथरताहेत. टेबलावरच जुलाब होतो. जुलैत, हिरवळीला हुमणी लागते त्या दिवसांत, पुण्यात हे चित्र ओळखायला वेळ लागत नाही.

"लॉनवर काल काय मारलं?"

"काय की. माळीमामांना माहीत."

नावाची वाट बघत बसता येत नाही. शिरेतून अ‍ॅट्रोपिन सुरू करते. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली कीटकनाशकं नसांचा निरोप पुसणारं एन्झाइमच बंद पाडतात. मग निरोप थांबत नाही. लाळ, कफ, जुलाब वाहत राहतात. अ‍ॅट्रोपिन हे वाहणं आवरतं, ठोके वर आणतं. थरथर मात्र त्याने जात नाही. तिच्यासाठी प्रॅलिडॉक्सिम लागतं, आणि तेही विष एन्झाइमला कायमचं चिकटायच्या आत. विष कार्बामेट गटातलं असेल तर त्याची सहसा गरज नसते. म्हणून मला नाव हवं.

८.१५
श्वास जरा सुधारल्यावर आंघोळ. मदतनीस मुलगा हातमोजे आणि एप्रन चढवतो, भांडी घासायच्या लिक्विडने केस चोळतो. पंजे मी स्वतः धुते, बोटांमधल्या फटी उघडून. कुत्रं गवतावरून येतं आणि बसल्या बसल्या पाय चाटतं. बरंचसं विष पोटात जातं ते असं. मालकीणबाई विचारतात, मिठाचं पाणी पाजून उलटी काढायला हवी होती का? अजिबात नाही. मिठाचीच विषबाधा होते, आणि या कीटकनाशकांतलं द्रावक उलटीबरोबर फुप्फुसात उतरलं तर दुसरं संकट.

९.००
सेक्रेटरीकाकांना फोन, त्यांच्याकडून माळीमामांना. मामांनी दुकानातून सुटं औषध पाण्याच्या बाटलीत आणलेलं. मूळ डबा दुकानात, लेबल डब्यावर. मामा सायकल काढून गेले आणि पाऊण तासाने फोटो आला: पिवळा त्रिकोण, क्लोरपायरिफॉस २० ईसी. आपल्याकडे लेबलवरचा त्रिकोण लाल, पिवळा, निळा, हिरवा अशा उतरत्या क्रमाने विषारीपणा सांगतो. उताराही तिथेच छापलेला असतो. प्रॅलिडॉक्सिम सुरू केलं.

मामांना विचारलं, तुमचं डोकं दुखतंय का, मळमळतंय का? फवारताना हातात मोजे नव्हते. त्यांना आजच डॉक्टरकडे पाठवा, असं काकांना बजावून सांगितलं.

दुपारी ४.००
लसी आणि कानाची दुखणी आटोपली, तर दुसऱ्या भागातून फोन. "आम्ही रसायन वापरतच नाही, फक्त सेंद्रिय. बीगलने आत्ता खताची पिशवी फोडून खाल्लीय." पिशवीत बोनमील आणि एरंडीची पेंड. लगेच निघा, म्हटलं. तेल काढल्यावर एरंडीतलं रायसिन पेंडीत उरतं, बोनमीलच्या वासाने कुत्रं ती पेंड आवडीने खातं, आणि लक्षणं दिसायला कित्येक तास जातात. त्यावर उतारा नाही. उलटी करवली, कोळसा दिला, सलाइन लावून ठेवून घेतला. 'सेंद्रिय' एवढं वाचून माणसं निर्धास्त होतात, याची मला फार काळजी वाटते.

६.३०
सकाळच्या सोसायटीत गेले. माझं मागणं थोडंच होतं. फवारणीच्या आदल्या दिवशी फाटकावर औषधाचं नाव आणि वेळ लिहा. गवत पूर्ण वाळेपर्यंत फाटक बंद ठेवा. औषध मूळ डब्यातच आणा, खोलीला कुलूप लावा. एरंडीची पेंड बंद. हुमणीचे भुंगेरे वळवाच्या पावसानंतर संध्याकाळी कडुलिंबावर, बाभळीवर जमतात. फांद्या हलवून ते गोळा करायचे आणि रॉकेल टाकलेल्या पाण्यात बुडवायचे, हे शेतकरी करतात. मामांना ते ठाऊक होतं. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

रात्री ९.३०
लॅब्रॅडॉर उठून बसलीय, थरथर कमी. बीगल अजून ठीक आहे, पण त्याची रात्र जायची आहे. रात्रपाळीच्या मुलाला सांगून ठेवलं: कुत्रीच्या छातीत पुन्हा घुरघुर आली किंवा बीगलच्या उलटीत रक्त दिसलं, तर लगेच मला उठव.