पाट्यांवर पोसलेली तैलचित्रे

तालुक्याच्या गावात व्यक्तिचित्रकाराचा धंदा नुसत्या व्यक्तिचित्रांवर कधीच चालला नाही. नाशिक जिल्ह्याच्या बागलाण तालुक्यातल्या सटाण्यासारख्या बाजाराच्या गावी वर्षाकाठी तैलचित्रांची कामे बोटांवर मोजण्याइतकी येत. पोट भरे ते दुकानांच्या पाट्या, भिंतींवरच्या जाहिराती, ट्रॅक्टर-ट्रॉल्यांवरची नावे आणि गाड्यांचे नंबर यांवर. छायाचित्राने तैलचित्र मारले, असे सर्रास म्हटले जाते; पण छायाचित्राच्या शेजारी ते शंभर वर्षे सुखाने नांदले होते. २००० नंतर फ्लेक्स आला, पाट्यांचे काम गेले आणि त्या कामावर पोसलेले तैलचित्रही गेले. २०२५ च्या मार्चअखेरीस फोनमध्ये फोटो टाकून कृत्रिम बुद्धिमत्तेकडून चित्र करून घेण्याची लाट आली, तेव्हा ‘आता चित्रकारांचे काय होणार’ अशी हळहळ सुरू झाली. कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा या कसमादे पट्ट्यात हा प्रश्न वीस वर्षे आधी विचारायला हवा होता. तेव्हा तो कोणी विचारला नाही.

महाराष्ट्रातल्या व्यक्तिचित्रणाचा लिहिलेला इतिहास शहरांचा आहे. १८५७ साली मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्ट निघाले, १८८८ साली बॉम्बे आर्ट सोसायटी. धुरंधर, पिठावाला, त्रिंदाद, हळदणकर अशी नावे त्यातून पुढे आली. कोल्हापुरात दरबार होता. आबालाल रहिमान आणि बाबूराव पेंटर तिथे घडले. नाशिक जिल्ह्यातले दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे. तेही जे. जे.मध्ये शिकले, पण छायाचित्रण आणि छपाई करीत शेवटी चित्रपटाकडे वळले. बागलाणात समोर तासन्‌तास बसणारा संस्थानिक नव्हता आणि पैसे मोजणारा शेठही नव्हता. १८७०-७१ च्या दुष्काळात सरकारी खजिना लोकांना वाटून टाकणारे मामलेदार यशवंतराव भोसेकर सटाण्याचे देवमामलेदार झाले. पण त्यांचीही घरोघरी गेलेली तसबीर छापील होती.

इथला चित्रकार आला तो शाळेतल्या चित्रकलेच्या तासातून. एलिमेंटरी, इंटरमीजिएट या चित्रकलेच्या परीक्षा, मग जमल्यास नाशिकला जाऊन ए.टी.डी. ही कलाशिक्षकाची पदविका, अशी त्याची वाट. नाशिक कलानिकेतनमध्ये वा. गो. कुलकर्णी आणि शिवाजी तुपे यांच्यासारखे शिक्षक होते. तुप्यांच्या जलरंगांमुळे गोदाघाट चित्ररसिकांना माहीत झाला. मात्र याच काळात शहरी कलाजगताने व्यक्तिचित्राला खालच्या पंगतीला बसवले. १९४७ च्या मुंबईतल्या प्रोग्रेसिव्ह चित्रकारांच्या गटानंतर हुबेहूब चेहरा काढणे म्हणजे फोटोची नक्कल, अशी समजूत रुजली. ती रुजवणाऱ्यांपैकी फार थोड्यांना अंगठ्याएवढ्या अंधूक फोटोवरून तीन फुटी चेहरा उभा करून दाखवता आला असता.

या धंद्याचे भरभराटीचे दशक १९९० चे. १९९० मध्ये महात्मा फुले यांची स्मृतिशताब्दी आली, १९९०-९१ मध्ये डॉ. आंबेडकरांची जन्मशताब्दी. संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात बाबासाहेबांचे तैलचित्र एप्रिल १९९० मध्ये लागले. मग शाळा, कचेऱ्या, समाजमंदिरे, ग्रंथालये यांनाही ते हवेसे झाले. त्यातच सहकाराचा संसार होता: विविध कार्यकारी सोसायट्या, पतसंस्था, बाजार समित्या. प्रत्येक संस्थेला संस्थापकाचे तैलचित्र आणि ते लावायला अनावरणाचा समारंभ लागे. १९१४ साली स्थापन झालेल्या मराठा विद्या प्रसारक समाजाने जिल्हाभर शाळा काढल्या. आपल्या कर्मवीरांचे चेहरे भिंतीवर मानाने लावण्याची रीत या शाळांनी टिकवली. त्याच सुमारास बागलाणात डाळिंबाने पैसा खेळू लागला. नवे घर बांधले की ओटीवर किंवा दिवाणखान्यात गेलेल्या आबांचे, नानांचे मोठे चित्र हवे, ही हौस शेतकरी घरांतही आली.

कामाची रीत ठरलेली होती. समोर माणूस बसवून चित्र काढण्याचा प्रसंग विरळाच, कारण चित्र बहुधा माणूस गेल्यावर सांगितले जाई. हाती येई तो लग्नातल्या ग्रुपफोटोचा कोपरा किंवा ओळखपत्राचा छोटा फोटो. त्यावर चौकटी आखायच्या, तितक्याच चौकटी मोठ्या करून कॅनव्हासवर घ्यायच्या, आणि चेहरा चौकटीगणिक उचलायचा. तयार कॅनव्हास महाग. म्हणून लाकडी चौकटीवर मांजरपाट ताणून, त्याला सरस आणि झिंक ऑक्साइडचा लेप देऊन तो घरीच केला जाई. पावसाळ्यात कापड सैल पडले की मागच्या कोपऱ्यांत पाचरी ठोकायच्या. जवसाच्या तेलातला रंग वाळायला दिवसच्या दिवस जात, आणि उन्हाळ्यात ओल्या रंगावर धूळ बसू नये म्हणून वरून ओलसर चादर टांगावी लागे.

खरे कसब चौकटींच्या पलीकडे होते. फोटोत डोळे मिटलेले, टोपीची सावली कपाळभर, अर्धा कान शेजाऱ्याच्या खांद्यामागे, हे नेहमीचेच. कित्येक जुन्या बायकांचा तर आयुष्यात एकही फोटो निघालेला नसे. मग थोरल्या लेकीला समोर बसवायचे, तिच्या चेहऱ्यावर पंचवीस-तीस वर्षे चढवायची, कुंकू मोठे करायचे, नथ आणि पदर घरच्यांना विचारून ठरवायचे. चित्र पुरे होण्याआधी भाऊबंद पाहायला येत. एकाला नाक जाड वाटे, दुसऱ्याला रंग काळा. रंग उजळ करण्याचा आग्रह तर जवळपास प्रत्येक घरात होई. उन्हात जन्म गेलेल्या शेतकऱ्याचा चेहरा गोरा करून मागणारी मुले आणि तो तसा करून देणारा पेंटर, दोघांनीही त्या माणसावर थोडा अन्यायच केला.

पैशाची कथा निराळी. घरगुती गिऱ्हाईक इसार देई आणि उरलेले चित्र नेताना चुकते करी. संस्थेचे काम मानाचे, पण वसुलीला अवघड. आधी ठराव, मग तीन कोटेशने, मग अनावरणाच्या दिवशी शाल-श्रीफळ आणि बिल मार्चअखेरीस. भाषणात पाहुण्यांचे, देणगीदारांचे, मांडववाल्याचेही आभार मानले जात. पेंटरचे नाव सांगायचे राहून जाई. चित्राच्या उजव्या कोपऱ्यातली सही आणि साल एवढीच त्याची नोंद.

हा उशीर सोसता येई तो पाट्यांमुळे. पाटीचे पैसे चौरसफुटावर आणि रोख. मार्गशीर्षात देवमामलेदारांची यात्रा भरली की पाळण्यांचे, तंबूंचे, दुकानांचे फलक, गणपतीत आरास, निवडणुकीत भिंती. हाताखाली दोन-तीन पोरे असत. ती आधी घासकाम करीत, मग अक्षर गिरवीत, मग चेहऱ्याची पार्श्वभूमी भरीत. कलाशाळेची फी न परवडणाऱ्यांसाठी हीच शाळा होती.

२००० नंतरच्या पाच-सात वर्षांत हे चित्र पालटले. जे काम चार दिवसांत होई ते फ्लेक्सचे यंत्र तासाभरात देऊ लागले आणि चौरसफुटाचा दर कोसळला. याच वर्षांत डाळिंबावर तेल्या रोग आला. कसमादेतल्या बागा उपटल्या गेल्या आणि घरातल्या मोठ्या तसबिरीची हौस मागे पडली. काही पेंटर संगणक शिकून फ्लेक्सच्या दुकानात बसले, काही घरांच्या रंगकामाला लागले. हाताखालची पोरे आधीच पांगली होती. दशक्रियेच्या वेळी चौकात आता ‘भावपूर्ण श्रद्धांजली’चा दहा फुटी फ्लेक्स लागतो, आठवड्याने उतरतो आणि कांद्याच्या चाळीवर ताडपत्री म्हणून जातो.

शाळेची वाटही अरुंद झाली. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभरावर विद्यार्थी असतील तरच कलेला निदेशक ठेवला, तोही अर्धवेळ. इंटरमीजिएटच्या श्रेणीवर दहावीला वाढीव गुण मिळतात, त्यामुळे परीक्षेला गर्दी असते. पण गुण हाती पडले की ब्रश सुटतो.

मागे उरली आहेत ती त्या दशकातली चित्रे. शाळांत, सोसायट्यांत, जुन्या घरांत ती अजून टांगलेली आहेत. संस्थेच्या इमारतीला नवा रंग देताना ती उतरवली जातात आणि त्यांच्या जागी चकचकीत छापील प्रत येते. जी टिकतात ती ओल्या फडक्याने पुसली जातात, आणि घरगुती लेपावरचा रंग ओलीने सुटतो, तडकतो. कोरडा मऊ ब्रश, ओल नसलेली भिंत आणि उन्हापासून आडोसा एवढ्यावर ती आणखी पन्नास वर्षे निघतील. बागलाणच्या दोन पिढ्यांचे चेहरे आणि ते काढणाऱ्यांच्या सह्या एकत्र सापडतील अशी दुसरी जागा नाही. प्रत्येक संस्थेने आपल्या भिंतीवरच्या चित्राखालचे नाव, साल आणि सही यांची नोंद दप्तरात घेतली, तर तालुक्याच्या चित्रकारांची पहिली यादी त्यातूनच तयार होईल. त्यासाठी ठराव लागेल, पण कोटेशन लागणार नाही.